सुवर्णाने न घेतलेलं नाव

नीला खांबेटे यांना अमेरिकेत पूर्ण नावाने ओळखणारं कुणी नव्हतं. घरी नवरा ‘अगं’ म्हणे, कॅरी गावातल्या मराठी मंडळात त्या नीलाकाकू होत्या आणि विद्यापीठात ‘मिस के’. खांबेटे हे आडनाव म्हणताना कोरियन मुलांची जीभ अडखळे, आणि अमेरिकन सहकारी तर तोंड वाकडं करण्याचे कष्टही घेत नसत. नीलाबाईंनीच एक दिवस फळ्यावर नुसता ‘के’ लिहिला आणि सगळ्यांना मोकळं केलं. हा त्यांचा स्वभावच होता. कुणाला आपली अडचण व्हायला नको.

त्या चौऱ्याहत्तर साली डॉक्टर बाळ खांबेट्यांशी लग्न करून नागपूरहून आल्या. इंग्रजीच्या एमएचं सुवर्णपदक कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलं होतं. बाळासाहेब भूलतज्ज्ञ. ते लोकांना झोपवायला पहाटे घराबाहेर पडायचे आणि नीलाबाई दोन मुलांना उठवायच्या. वीस वर्षं अशी गेली. मुलं मोठी झाली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली, एके दिवशी निघूनही गेली. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी नीलाबाईंना विद्यापीठात नोकरी मिळाली. नोकरी तरी कसली, दर सहा महिन्यांनी नव्याने लागायची. परदेशातून आलेल्या ज्या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं, त्यांना मुख्य अभ्यासक्रमाआधी आठ आठवडे घासून पुसून तयार करायचं, असा तो विभाग. निबंध कसा लिहायचा, लेक्चर ऐकताना टिपणं कशी काढायची, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव कसं द्यायचं. शेवटी परीक्षा. पास झालं तर पुढचा प्रवेश पक्का, नाही तर रस्ता धरायचा.

पहिल्याच वर्षी एका तुर्की मुलाने डायरेक्टरकडे जाऊन खरी अमेरिकन टीचर मागितली होती. नीलाबाई त्या दिवशी घरी येऊन पोळ्या लाटता लाटता रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर गेल्या. त्या खोलीतलं लोखंडी टेबल, लाल पेनांचा डबा आणि दारावरची मिस के अशी पाटी, एवढंच काय ते या देशात त्यांचं स्वतःचं होतं. बाकी सगळं डॉक्टरांच्या नावावर.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या वर्गात सुवर्णा इंगळे आली. भारतातली मुलं या विभागाची पायरी सहसा चढत नाहीत. इंग्रजीची परीक्षा ती तिकडूनच पार करून येतात. सुवर्णाचे मार्क थोडे कमी पडले होते. दर्यापूरजवळच्या खेड्यातल्या मास्तरांची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली, अमरावतीला अन्नप्रक्रियेच्या इंजिनिअरिंगमध्ये पहिली आलेली. विद्यापीठाने एमएसला घेतलं ते अटीवर. आधी हे आठ आठवडे पास हो, मग बघू. पास झाली नाही तर व्हिसाही राहत नव्हता. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांची प्रत्येक हालचाल सरकारी संगणकात नोंदली जायची, आणि त्या संगणकाला दयामाया ठाऊक नव्हती.

पहिल्या दिवशी तास संपल्यावर सुवर्णा टेबलाशी आली आणि काही कळायच्या आत वाकून पाया पडली. मागे दोन कोरियन मुली तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या.

“अगं, इथे असं नाही करायचं,” नीलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“हाव मॅडम,” सुवर्णा म्हणाली. “पण आज गुरुवार आहे न.”

तीस वर्षांनी कुणीतरी ‘हो’ला ‘हाव’ म्हणालं. नीलाबाई तिथेच विरघळल्या. पोरीला दर रविवारी जेवायला बोलवायला लागल्या. वरणभात, भरली वांगी, पोळी. बाळासाहेब तिला अमरावतीच्या उन्हाळ्याबद्दल विचारायचे. काकू म्हण, असं नीलाबाईंनी दहादा सांगितलं, पण सुवर्णाच्या तोंडून शेवटपर्यंत मॅडमच निघालं.

जेवणानंतर मात्र डायनिंग टेबलवर वह्या निघत. हे नियमात बसत नव्हतं. वर्गातल्या मुलाला बाहेर खाजगी शिकवायचं नाही असा विभागाचा सक्त नियम होता, आणि आदल्याच वर्षी एका शिक्षकाला तेवढ्यावरून पुन्हा नोकरी मिळाली नव्हती. नीलाबाईंना हे चांगलं माहीत होतं, कारण नियमांचा तो कागद त्यांनीच टाइप केला होता. पण आपल्याकडची मुलगी, तिला चार गोष्टी सांगितल्या तर काय बिघडलं? घरी आलेल्या लेकराला काय नुसतं जेवू घालून पाठवायचं?

सुवर्णा हुशार होती, पण तिचं इंग्रजी गाडी अडल्यासारखं चाले. विचार मराठीत यायचा, शब्द मागून धापा टाकत यायचे. सहावा आठवडा संपत आला तरी तासाभरात एक पानही भरत नव्हतं. तेव्हा नीलाबाईंनी एका रविवारी स्वतः बसून एक निबंध लिहून काढला. विषय पाण्याच्या टंचाईचा. चारशे शब्द, आणि मनापासून लिहिलेले. पहिलं वाक्य असं होतं की ज्या गावात पाणी डोक्यावरून येतं त्या गावात ते कधी सांडत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईने बऱ्याच दिवसांनी आपलं असं काही लिहिलं होतं, आणि ते त्यांना फार आवडलं.

“हे बघ, मुद्दा कसा मांडलाय, उदाहरण कुठे घातलंय, शेवट कसा केलाय,” त्या म्हणाल्या. आणि मग अगदी सहज, नागपूरला त्यांच्या मॅडम म्हणायच्या तसं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हे नीट पाठ कर. एकदा पाठ झालं की हात आपोआप वळतो.”

आता यात त्यांचं चुकलं असं आपल्याकडे कुणी म्हणेल का? त्यांचं सुवर्णपदक असंच आलं होतं. मॅडम नोट्स सांगायच्या, मुली उतरवून घ्यायच्या, घोकायच्या आणि पेपरात जशाच्या तशा उतरवायच्या. जिचं एक अक्षर हललं नाही तिचा पेपर मॅडम वर्गात वाचून दाखवत, आणि ती मुलगी आठवडाभर हवेत असे. गुरूचे शब्द जसेच्या तसे परत करणं ही चोरी असते, हे नीलाबाई गेली अकरा वर्षं परदेशी मुलांना शिकवत होत्या. पण त्या इंग्रजीत शिकवत होत्या. मराठीत बोलायला लागल्या की ते सगळं मागे राहत असे.

सुवर्णाने पाठ केलं. आणि परीक्षेत विषय आला पाण्याचा.

त्या खोलीवर देखरेखीला नीलाबाई नव्हत्या. पण नंतर त्यांना कळलं, की बाकीची मुलं तासभर घाम गाळत असताना या मुलीने वीस मिनिटांत निबंध लिहिला, पेन बंद केलं आणि हाताची घडी घालून शांत बसून राहिली. तिच्या हिशेबी तिने मॅडमचे पांग फेडले होते.

पेपर तपासला कॅरलने. कॅरल तीस वर्षं या विभागात होती, सडपातळ, चष्मा साखळीला लटकवलेली, मनाने वाईट नव्हती. पण तिच्या नजरेतून सुटणं अशक्य. तिने सुवर्णाचे आधीचे निबंध काढले, शेजारी हा ठेवला आणि डायरेक्टरकडे गेली. दोन दिवसांनी चौकशी लागली. खोलीत डायरेक्टर, कॅरल, वर्गाच्या शिक्षिका म्हणून मिस के, आणि समोरच्या खुर्चीत सुवर्णा. तिने मुद्दाम पंजाबी ड्रेस इस्त्री करून घातला होता. बक्षीस मिळणार असल्यासारखी सावरून बसली होती.

कॅरलने निबंध मोठ्याने वाचला. ज्या गावात पाणी डोक्यावरून येतं. आपलं वाक्य कॅरलच्या स्वच्छ अमेरिकन उच्चारात ऐकताना नीलाबाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल? लाज नाही, भीती नाही. अभिमान वाटला. किती छान लिहिलंय आपण, असं वाटलं. माणसाचं मन असं निर्लज्ज असतं. भीती त्यानंतर आली.

“हे तुझे शब्द आहेत का?” डायरेक्टरने विचारलं.

“नो सर,” सुवर्णा म्हणाली. “बाय हार्ट केलं.” तिच्या आवाजात किंचित आनंदही होता.

कॅरल आणि डायरेक्टर एकमेकांकडे बघू लागले. मग डायरेक्टरने तो कागद पुढे सरकवला, नियमांचा, ज्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. त्याने सावकाश, एकेका शब्दावर थांबत समजावलं. दुसऱ्या माणसाने मदत केली असेल आणि ती तू मोकळेपणी सांगितलीस, तर आठवड्याच्या आत परीक्षा पुन्हा देता येईल. छापलेल्या पुस्तकातून उचललं असेल, तर कार्यक्रम इथेच संपला. “म्हणून नीट आठवून सांग. हे कुठून आलं? कुणाचं आहे?”

सुवर्णाला आता कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. तिने नीलाबाईंकडे बघितलं.

नीलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर एक माणूस गवत कापत होता. त्यांच्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी चालल्या होत्या. बोललं तर ऑगस्टमध्ये पुन्हा नोकरी लागणार नाही. लोखंडी टेबल जाईल, दारावरची पाटी जाईल. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा नुसतं डॉक्टरांच्या घरात जाऊन बसायचं. कॅरलसमोर नको. नंतर डायरेक्टरला एकटं गाठून सांगू. आज संध्याकाळीच सांगू. पोरीने आपलं नाव सांगितलं तर सांगू दे, आपण नाही म्हणणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं होऊन त्या बसून राहिल्या.

“सुवर्णा?” डायरेक्टर म्हणाला.

“बुक,” ती म्हणाली. “फ्रॉम इंडिया.”

“कोणतं पुस्तक? लेखकाचं नाव?”

“नाव नाही आठवत, सर.”

तीन मिनिटांत संपलं सगळं. कॅरलनेच तिच्यासाठी रदबदली केली, काढून टाकल्याची नोंद नको, तिने स्वतः कोर्स सोडला असं लिहा. तेवढ्याने तिला देश सोडायला पंधरा दिवस मिळाले. बाहेर कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळापाशी नीलाबाईंनी तिला गाठलं. इकडेतिकडे बघून मराठीत म्हणाल्या, “अगं, काहून असं सांगितलंस?”

“मी तुमचं नाव नाही घेतलं, मॅडम,” सुवर्णा म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. “बाबा म्हणतात, शिकवणाऱ्याचं नाव अडचणीत घ्यायचं नाही.”

या क्षणी तरी बाईने मागे वळून ते दार ढकलायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. नीलाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “शहाणी आहेस.”

संध्याकाळी सांगणार होत्या, पण डायरेक्टर लवकर निघून गेला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तो सुट्टीवर. शनिवार-रविवार नीलाबाईंनी इंग्रजीत वाक्यं जुळवली. सोमवारी त्या खरोखर त्याच्या दारापर्यंत गेल्या. आत तो कॅरलला म्हणत होता, की शुक्रवारीच नोंद गेली, आता वॉशिंग्टनच्या संगणकातून काही परत येत नाही. हे ऐकून नीलाबाईंना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्यांना पुढे जन्मभर पुरली, पण त्या घडीला वाटलं ते वाटलं. त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

घरी बाळासाहेबांनी विचारलं, “काय झालं गं त्या पोरीचं?”

“नापास झाली.”

“इंग्रजीत?”

“हो.”

विमानतळावर तिला बाळासाहेबांनीच सोडलं. तिला इथे दुसरं होतं कोण? नीलाबाई पुढे बसल्या, सुवर्णा मागे, मांडीवर हातातली बॅग घट्ट धरून. बाळासाहेब मनाने भले, पण डॉक्टर, आणि त्यात वडीलधारे. उपदेश केल्याशिवाय गाडी चालवता येत नव्हती.

“हे बघ बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस. पण मेहनत कमी पडली, हे मान्य कर. इथे पाठांतर चालत नाही. रोज पेपर वाचायला हवा होतास, लोकांशी इंग्रजीत बोलायला हवं होतंस. आमच्या हिने किती कष्ट घेतले तुझ्यावर. दर रविवारी! त्याचं तरी चीज करायचं होतंस.”

“हो काका,” सुवर्णा म्हणाली.

“प्रामाणिकपणे केलं असतंस तर झालं असतं.”

“हो काका.”

पंचवीस मिनिटांचा रस्ता. नीलाबाईंनी एसी कमी केला, मग पुन्हा वाढवला. विमानतळावर सुवर्णा वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले, पण तिने नमस्कार केलाच. डॉक्टरांनाही केला.

नोकरी ऑगस्टमध्ये पुन्हा लागली. पुढच्या जानेवारीतही लागली. नीलाबाई दर वर्गाला दुसऱ्याचं नाव कसं द्यायचं तो धडा शिकवत राहिल्या, आधी आडनाव, मग नाव, मग साल, आणि शिकवताना खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या. रविवारी जेवायला कुणाला बोलवेनाशा झाल्या. वांगी भरायचीही सोडली. डॉक्टरांना वाटलं, वय झालं.

दोन हजार आठच्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. केक कापला, कॅरलने मिठी मारली, दारावरची पाटी कागदात गुंडाळून हातात दिली. टेबल रिकामं करताना तळाच्या खणात नियमांचा तो कागद सापडला. खाली निळ्या शाईत सुवर्णाची सही, शाळकरी, गोल. नीलाबाई घरी आल्या आणि त्याच दुपारी पत्र लिहायला बसल्या. आता घालवायला काही उरलं नव्हतं, तेव्हा धीर आला. असा धीर काय कामाचा, पण आला. पत्रात सगळं लिहिलं. मी बोलायला हवं होतं. मी घाबरले. अजूनही विद्यापीठाला लिहून द्यायला तयार आहे. पत्ता मास्तरांच्या गावचा घातला.

दोन महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. बाळासाहेब आत चहा टाकत होते. नीलाबाईंनी डायनिंग टेबलवर पाकीट फोडलं. आत पातळ पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं, अमरावतीत छापलेलं. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी निबंध. सुवर्णा आता क्लास चालवत होती. पहिल्याच पानावर पाण्याचा निबंध होता, अक्षर न अक्षर तोच. आणि त्याखाली ओळ होती, अगदी वर्गात शिकवल्यासारखी. आडनाव खांबेटे. नाव नीला. साल दोन हजार चार. त्यांचं पूर्ण नाव छापलेलं त्यांनी पदकानंतर आजच पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांना बरं वाटलं.

पत्र एका पानाचं होतं.

“आदरणीय मॅडम, सा. न. तुमचं पत्र बाबांनी वाचलं, मग मी वाचलं. आता विद्यापीठाला काही लिहू नका. माझं लग्न झालं, मुलगी दोन वर्षांची आहे. क्लासला चाळीस मुलं आहेत. पाठ करू नका असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. ज्याचं घेतलं त्याचं नाव द्या, हेही सांगते. माझा तुमच्यावर राग नाही. फक्त एक सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी सरांनी विचारल्यावर मी बराच वेळ गप्प होते. त्यांना वाटलं असेल, हिला इंग्रजी सुचत नाही. तसं नव्हतं. मी तुमची वाट बघत होते.”

नीलाबाई पत्र हातात धरून बसून राहिल्या. बाळासाहेब दोन कप घेऊन बाहेर आले.

“कुणाचं गं?”

चार वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आता बसल्या जागी निघालं. आधी त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. मग ते कळावं म्हणून मागचं सगळं सांगितलं. रविवारचा निबंध, पाठ कर म्हटलं ते, ती खोली, ती खिडकी. सांगून झाल्यावर बाळासाहेबांनी पुस्तक जवळ ओढलं, चष्मा लावून पहिलं पान वाचलं, खालची ओळ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. चहावर साय धरली होती.

“मी त्या पोरीला एअरपोर्टपर्यंत लेक्चर दिलं,” ते म्हणाले. “प्रामाणिकपणावर. ती मागे बसून हो काका, हो काका करत होती.”

नीलाबाईंनी पत्राची घडी घातली.

“आणि तू पुढे माझ्या शेजारी बसून ऐकत होतीस.”

“हो,” नीलाबाई म्हणाल्या.